भंगारातले रोहित्र आणि टेस्ला कॉइल



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले, की आमच्या गेवराईत दोन ठिकाणी मुलांची वर्दळ वाढते: मोटार रिवाइंडिंगची दुकाने आणि भंगाराची गोदामे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी, जुने स्टॅबिलायझर, मोडके दूरचित्रवाणी संच असा सगळा माल तेथे येऊन पडतो. त्यातून तांब्याची तार, लोखंडी पट्ट्या, चुंबक अशा वस्तू थोड्या पैशांत मिळतात. टाकाऊ वस्तूंतून उपकरण उभे करण्याची ही सवय चांगलीच आहे. प्रयोगाला लागणारे सारे सामान बाजारातून नवे आणावे लागले असते, तर खेड्यापाड्यांतले कितीतरी प्रयोग झालेच नसते.

पण अलीकडे मुलांच्या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे मायक्रोवेव्ह शेगडीतले रोहित्र, अर्थात ट्रान्सफॉर्मर. कशासाठी, असे विचारले तर उत्तर मिळते, "टेस्ला कॉइल करायची आहे, सर." मोबाइलवर कोणीतरी केलेली टेस्ला कॉइल पाहिलेली असते. तिच्या टोकातून निघणाऱ्या जांभळ्या ठिणग्या आणि हातात धरताच उजळणारी नळी मनात भरलेली असते. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "रोहित्र किती व्होल्टचे पाहिजे?"

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न असा: "या रोहित्राची दोन टोके एकमेकांना जोडली, तर त्यातून किती प्रवाह वाहील?" पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठिणगीची लांबी अवलंबून असते आणि दुसऱ्याच्या उत्तरावर माणसाचा जीव. या लेखात आपण हा दुसरा प्रश्न नीट समजून घेऊ.

व्होल्ट मोठे, धक्का छोटा

स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर पाहा. त्याची कळ दाबली, की आतल्या स्फटिकावर आघात होतो आणि हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन ठिणगी उडते. हिवाळ्यात कृत्रिम धाग्याचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तेथेही अंगावर हजारो व्होल्टचा दाब साठलेला असतो. तरीही आपण ओरडतसुद्धा नाही. उलट घरातल्या २३० व्होल्टच्या तारेला हात लागला, तर माणूस मरू शकतो. याचा अर्थ उघड आहे. धोका केवळ व्होल्टवर ठरत नाही.

माणसाचे शरीर सुमारे १०० पिकोफॅरड धारकतेचे धारित्र (कपॅसिटर) आहे असे समजा. त्यावर ५,००० व्होल्टचा दाब असेल, तर साठलेली ऊर्जा

१/२ × धारकता × (व्होल्ट)² = ०.००१२५ ज्यूल

इतकीच भरते. ती क्षणार्धात संपते आणि मागून येणारा पुरवठा नसतो. म्हणून बोटाला नुसती टोचणी जाणवते.

घरगुती ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा शरीरावर काय परिणाम होतो, याचे आकडे लक्षात ठेवा. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार इच्छा असूनही सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरला श्वासोच्छ्वासात अडथळा येऊ लागतो. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून सेकंदभर वाहिला, तरी हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. एक अँपिअर म्हणजे १,००० मिलिअँपिअर, हे येथे विसरू नका.

टेस्ला कॉइलमध्ये काय घडते?

निकोला टेस्ला यांचा जन्म १८५६ सालचा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिलियन गावचा. ते पुढे अमेरिकेत गेले आणि १८९१ साली त्यांनी ही कॉइल तयार केली. तिची रचना मोजक्या भागांची आहे.

प्रथम एक रोहित्र घरगुती दाब वाढवून काही हजार व्होल्ट करते. त्या दाबाने एक धारित्र भरले जाते. धारित्रापुढे हवेची एक छोटी फट असते. दाब पुरेसा वाढला, की फटीतली हवा फुटून ठिणगी पडते आणि ती ठिणगी तारेसारखी वाहक बनते. आता धारित्र आणि जाड तारेचे मोजक्या फेऱ्यांचे प्राथमिक वेटोळे यांचे मंडल पूर्ण होते आणि त्यात ऊर्जा पुढेमागे हेलकावू लागते. हे हेलकावे सेकंदाला काही लाख असतात. शेजारीच बारीक तारेच्या शेकडो फेऱ्यांचे उंच द्वितीयक वेटोळे उभे असते. त्याची नैसर्गिक वारंवारता प्राथमिक मंडलाशी जुळलेली असली, की ऊर्जा थोड्याच हेलकाव्यांत त्याच्याकडे जाते. यालाच अनुनाद म्हणतात.

येथे पुष्कळ विद्यार्थी एक चूक करतात. पुस्तकात शिकलेले सूत्र, म्हणजे दाबांचे गुणोत्तर बरोबर फेऱ्यांचे गुणोत्तर, ते टेस्ला कॉइललाही लावतात. ते सूत्र लोखंडी गाभा असलेल्या, दोन्ही वेटोळी चुंबकीय दृष्ट्या घट्ट जोडलेल्या रोहित्राचे आहे. टेस्ला कॉइलमध्ये लोखंडी गाभा नसतो आणि वेटोळ्यांची जोडणी सैल असते. तेथे हिशेब ऊर्जेचा करावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. प्राथमिक धारित्र ६.४ नॅनोफॅरडचे आहे आणि ते २१,००० व्होल्टपर्यंत भरले. साठलेली ऊर्जा सुमारे १.४ ज्यूल झाली. द्वितीयक वेटोळे आणि त्यावरचा धातूचा गोळा यांची मिळून धारकता २५ पिकोफॅरड आहे. ती पहिल्या धारकतेच्या २५६ पट लहान भरते. तीच ऊर्जा इतक्या लहान जागेत मावायची, तर दाबाचा वर्ग २५६ पट, म्हणजेच दाब १६ पट व्हायला हवा. २१,००० गुणिले १६ बरोबर ३,३६,००० व्होल्ट. ही वरची मर्यादा झाली. ठिणगीची उष्णता व तारेचा रोध यांत ऊर्जा जात असल्याने प्रत्यक्षातला आकडा याहून कमी असतो. फेऱ्यांच्या सूत्राने मात्र १० व १,००० फेऱ्यांसाठी शंभरपट, म्हणजे एकवीस लाख व्होल्ट असे भलतेच उत्तर आले असते.

फटीची मागणी

आता रोहित्राकडे वळू. फटीत ठिणगी पडते त्या क्षणी रोहित्राची दोन टोके ठिणगीमार्फत जवळजवळ जोडलीच जातात. हे सेकंदातून शंभर वेळा घडते. म्हणजे टेस्ला कॉइलच्या रोहित्राला दाब तर हवाच, पण सतत टोके जोडली जात असताना प्रवाह स्वतःच मर्यादेत ठेवण्याचा गुणही हवा.

हा गुण जन्मतः असलेले रोहित्र म्हणजे दुकानांवरील निऑनच्या पाट्यांचे. निऑनची नळी पेटायला मोठा दाब लागतो, पण एकदा पेटली की तिचा रोध घसरतो आणि प्रवाह आवरला नाही तर तो वाढतच जातो. म्हणून या रोहित्राच्या दोन वेटोळ्यांमध्ये गाभ्याला लोखंडाची एक आडवाट ठेवलेली असते. जायकवाडीचा उजवा कालवा आपल्या तालुक्यातून माजलगावकडे जातो. अशा कालव्यांना जादा पाणी बाहेर काढण्यासाठी बाजूला दारे असतात. पुढे अडथळा आला, तर पाणी त्या दारांनी निघून जाते. येथेही तसेच होते. द्वितीयकातून प्रवाह वाढू लागला, की त्याचा स्वतःचा चुंबकीय परिणाम गाभ्यातल्या चुंबकीय प्रवाहाला विरोध करतो आणि तो चुंबकीय प्रवाह आडवाटेने परत फिरतो. त्यामुळे १५,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअर असे लिहिलेल्या रोहित्राची टोके जोडली, तरी सुमारे तेवढाच प्रवाह वाहतो. जणू त्याच्या पोटात ५,००,००० ओहमचा अडथळा बसवलेला आहे.

जगभरच्या हौशी मंडळींनी टेस्ला कॉइलसाठी हेच रोहित्र प्रथम का निवडले, ते यावरून कळेल. निऑनच्या पाट्यांची जागा एलईडीने घेतल्यामुळे अशी रोहित्रे भंगारात येतात. पण ती निर्धोक आहेत असे मुळीच समजू नका. ३० मिलिअँपिअर हा आकडा वर दिलेल्या आकड्यांत कोठे बसतो, ते पुन्हा पाहा.

भंगारात मिळणारी आणखी दोन साधने आहेत. जुन्या दूरचित्रवाणी संचातल्या रोहित्राला दुरुस्ती करणारे 'ईएचटी' म्हणतात. ते सेकंदाला १५,६२५ आवर्तनांवर चालण्यासाठी बनवलेले असते. ५० हर्ट्झच्या घरगुती पुरवठ्यावर ते उपयोगाचे नाही. शिवाय संच बंद असतानाही त्याच्या काचेच्या चित्रनळीवर विद्युतभार टिकून राहू शकतो. मोटारगाडीची इग्निशन कॉइल १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह एकदम तोडून सुमारे २०,००० व्होल्टचा झटका देते. या दोहोंची शक्ती बेताची असली, तरी त्यांचा झटका खेळण्यातला नाही.

मायक्रोवेव्हचे रोहित्र वेगळे का?

आता मूळ वस्तूकडे येऊ. मायक्रोवेव्ह शेगडीतले रोहित्र सुमारे २,००० व्होल्ट देते. आकडा ऐकून विद्यार्थी म्हणतात, "निऑनच्या पंधरा हजारांपेक्षा हे कितीतरी कमी. मग अधिक सुरक्षितच!" येथेच घात होतो.

शेगडी चालताना सुमारे १,२०० वॅट शक्ती घेते. २,००० व्होल्टला एवढी शक्ती पुरवायची, तर प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या वर लागतो, आणि रोहित्र तो सहज देते. ओलसर हात लागलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरा. ओहमच्या नियमाने २,००० भागिले १,००० म्हणजे २ अँपिअरची मागणी होते. रोहित्राने तेवढी पुरी केली नाही, तरी निम्म्याच्या निम्मी, म्हणजे ५०० मिलिअँपिअर, प्राणघातक मर्यादेच्या पाच ते दहा पट आहे. निऑनच्या रोहित्रात मात्र १,००० ओहमचे शरीर ५,००,००० ओहमच्या अडथळ्यापुढे नगण्य ठरते आणि प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही. दाब साडेसात पट कमी, तरी प्रवाह पंधरा पटींहून अधिक! आपण आरंभी म्हटलेला 'दुसरा प्रश्न' तो हाच.

शिवाय टेस्ला कॉइलसाठी हे रोहित्र गैरसोयीचेही आहे. सपाट पृष्ठांमधील हवा फोडायला दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. २,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे शिखर २,८०० व्होल्टचे, म्हणजे फट मिलिमीटरभरसुद्धा नाही. दाब वाढवण्यासाठी काही जण अशी अनेक रोहित्रे एकापुढे एक जोडतात. पण यात उच्च दाबाच्या वेटोळ्याचे एक टोक कारखान्यातच लोखंडी गाभ्याला जोडलेले असते. एकापुढे एक जोडताच दुसऱ्या रोहित्राचे सारे लोखंडच जिवंत तार बनते.

रोहित्राशेजारचे धारित्र तर याहून फसवे असते. ते सुमारे १ मायक्रोफॅरडचे असते. २,८०० व्होल्टला त्यात जवळजवळ ४ ज्यूल ऊर्जा साठते. ही ऊर्जा स्वेटरच्या ठिणगीच्या तीन हजार पटींहून जास्त आहे. भार उतरवण्यासाठी त्यात बहुधा रोधक बसवलेला असतो, पण तो निकामी झाला असेल तर बाहेरून कळत नाही. म्हणून प्लग काढलेली शेगडीही विद्यार्थ्यांनी उघडायची नाही.

परदेशात या रोहित्राने लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी उमटवण्याचा छंद पसरला आणि त्यात अनेक माणसे दगावली. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्या कारागिरांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमांत ही पद्धत वापरण्यास बंदी घातली आहे. मरणारे सगळे काही अडाणी नव्हते. हातात हत्यार धरून वर्षानुवर्षे काम केलेली माणसे त्यांत होती.

तीन खोटे भरवसे

"फ्यूज आहे ना!" हा पहिला भरवसा. समजा, शरीरातून १०० मिलिअँपिअर प्रवाह २,००० व्होल्टला वाहिला. ही शक्ती २०० वॅट झाली. २३० व्होल्टच्या बाजूला त्यासाठी फक्त ०.८७ अँपिअर जादा प्रवाह लागतो. शेगडी नेहमीच ५ अँपिअरच्या आसपास घेत असते. फ्यूजच्या दृष्टीने काही घडलेलेच नाही. फ्यूज तार जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव वाचवण्यासाठी तो नसतो.

"घरात ईएलसीबी बसवले आहे," हा दुसरा. हे साधन फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह सारखा आहे का, ते तपासते. पण रोहित्राच्या द्वितीयकाचे मंडल वेगळे असते. तेथून निघालेला प्रवाह शरीरातून त्याच रोहित्राच्या गाभ्याकडे परत जातो. प्राथमिक बाजूचा हिशेब बरोबरच जुळतो आणि साधन गप्प राहते.

"उच्च वारंवारतेचा प्रवाह कातडीवरूनच वाहतो," हा तिसरा. प्रवाह पृष्ठभागावरून वाहतो हे तांब्याच्या बाबतीत खरे आहे. सेकंदाला तीन लाख आवर्तने असतील, तर तांब्यात तो सुमारे ०.१२ मिलिमीटर खोलीपर्यंतच शिरतो. पण शरीर तांब्याइतके चांगले वाहक नाही. त्याच्यासाठी हीच खोली मीटरभराहून जास्त येते, म्हणजे प्रवाह आरपार जातो. धक्का जाणवत नाही, कारण मज्जातंतू इतक्या जलद आवर्तनांना प्रतिसाद देत नाहीत. भाजायचे ते भाजतेच, फक्त उशिरा कळते. आणि हे सारे कॉइलच्या वरच्या टोकाबद्दल झाले. खालच्या बाजूला, रोहित्रापाशी, ५० हर्ट्झचा प्रवाह दबा धरून असतो.

मग प्रदर्शनात काय मांडावे?

टेस्ला कॉइलचे मर्म अनुनादात आहे, आणि ते दोरा व वाळू यांनी दाखवता येते.

दोन खुर्च्यांच्या पाठींना एक दोरी आडवी बांधा. ती फार ताणू नका. तिच्यावर हातभर अंतरावर दोन लंबक टांगा. दोन्हींची लांबी ५० सेंटिमीटर ठेवा. प्रत्येकाला १०० ग्रॅम वाळूची पुरचुंडी बांधा. दोऱ्याची लांबी पुरचुंडीच्या मध्यापर्यंत मोजा. एका लंबकाला दोरीच्या आडव्या दिशेने झोका द्या. त्याचा आवर्तकाल सुमारे १.४ सेकंद येईल. हळूहळू त्याचा झोका मंदावेल आणि दुसरा आपोआप झोके घेऊ लागेल. पहिला जवळजवळ थांबला, की दुसऱ्याचा झोका सर्वांत मोठा असेल. मग ऊर्जा परत फिरेल. पहिला लंबक हे टेस्ला कॉइलचे प्राथमिक मंडल, दुसरा द्वितीयक आणि आडवी दोरी ही त्यांच्यातली सैल जोडणी.

आता एका लंबकाची लांबी ३५ सेंटिमीटर करा. ऊर्जेची देवाणघेवाण फारच थोडी होईल. जुळणी बिघडलेल्या कॉइलमधून ठिणगी का निघत नाही, ते यावरून दिसेल.

शेवटी लांब्या पुन्हा सारख्या करा, पण एका पुरचुंडीत २०० ग्रॅम आणि दुसरीत ५० ग्रॅम वाळू घाला. जड लंबकाला लहानसा झोका द्या. लांबी किंचित कमीजास्त करून जुळणी साधली, की हलका लंबक जड लंबकाच्या सुमारे दुप्पट झोका घेईल. वस्तुमान चौपट लहान, म्हणून झोका दुप्पट. धारकता २५६ पट लहान, म्हणून दाब १६ पट. दोन्हींचा हिशेब एकच आहे!

याच्या जोडीला मध्यम लहरींवर लावलेला एक रेडिओ ठेवा आणि जवळच, गॅसपासून दूर, लायटरची कळ दाबा. दर ठिणगीला रेडिओत खट् आवाज येईल. ठिणगीतून रेडिओलहरी निघतात, याचा हा पुरावा होय. या दोन प्रयोगांच्या मागे वरचा ऊर्जेचा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहून लावा. परीक्षकांना ठिणगीपेक्षा तो अधिक पटेल.

शिक्षकांनी एवढे करावे: भंगारातले उच्च दाबाचे रोहित्र प्रदर्शनात ठेवायचेच असेल, तर ते जाणकार कारागिराकडून सुटे काढून घ्यावे, त्याच्या जोडणीच्या तारा कापून टाकाव्यात आणि ते केवळ पाहण्याची वस्तू म्हणून मांडावे. त्यातली आडवाट, जाड व बारीक वेटोळी, गाभ्याला जोडलेले टोक हे सारे वीज न लावताही दाखवता येते. आणि मुलगा रोहित्र घेऊन आला, तर त्याच्यावर रागावू नये. नुसते "नको" ऐकलेला मुलगा घरी जाऊन एकटाच प्लग लावतो. त्याच्याबरोबर बसून खालची उदाहरणे सोडवावीत.

स्वाध्याय

१. एका रोहित्रावर १०,००० व्होल्ट, २० मिलिअँपिअर असे लिहिले आहे. टोके जोडल्यावर तेवढाच प्रवाह वाहत असेल, तर त्याच्या पोटातला अडथळा किती ओहमचा? त्यापुढे १,००० ओहमचा रोध जोडल्यास प्रवाहात कितीसा फरक पडेल?

२. प्राथमिक धारकता द्वितीयकाच्या ४०० पट असून प्राथमिक दाब १०,००० व्होल्ट आहे. ऊर्जा मुळीच वाया गेली नाही, तर द्वितीयकाचा दाब किती होईल?

३. २,००० व्होल्टला शरीरातून ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहत आहे. २३० व्होल्टच्या बाजूला किती जादा प्रवाह लागेल? ५ अँपिअरचा फ्यूज त्याने वितळेल का?

तिसऱ्या उदाहरणाचे उत्तर आले, की ते वहीत लिहाच, पण घरातल्या मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा.